इलेक्ट्रिक कुकरचा भात गिचका होतोय? आधी पाण्याचा हिशोब बघा

आपल्या मराठवाड्यात भात म्हणजे जेवणाचा शेवट. आधी भाकरी, तिच्यासोबत पिठलं नाहीतर आमटी, आणि ताट उरकता उरकता दोन घास वरण-भात. त्यामुळं भाकरी कशी थापायची यावर घरातलं प्रत्येकजण बोलतंय पण भाताचं कुणी मनावर घेत नाही, शिट्टीच्या कुकरात तीन शिट्ट्या झाल्या की विषय संपला. आता मात्र लातूरला क्लाससाठी रूम करून राहिलेली पोरं, वाळूजच्या कंपन्यांत नवीन लागलेले, नांदेडला शिकायला आलेले, बहुतेकांकडं इलेक्ट्रिक कुकर असतो, कारण गॅसचं कनेक्शन नको, समोर उभं राहायला नको, बटण दाबायचं आणि अभ्यासाला बसायचं. आणि मग दोन दिवसांत फोन सुरू होतात घरी, की भाताचा गोळाच होतोय, नाहीतर वरून कच्चट आणि खालून लगदा, नाहीतर पिवळटच दिसतोय, माझं नेमकं काय चुकायलंय.

चूक कुकरची नसते बहुतेक वेळा. सगळ्यात स्वस्त, एकच बटण असलेल्या कुकरमध्येही चांगला भात होतो, हा लेख त्याच कुकरसाठी आहे.

आधी ठरवा, भात हवाय कसा

येसर आमटीसोबत खायचा असेल, तहरी किंवा मसालेभात करायचा असेल तर दाणा सुटा, फडफडीत पाहिजे. साध्या वरण-तुपासोबत थोडा मऊसर, हातानं कालवता येईल असा. ताकभाताला त्याहून आसट चालतो, उलट आसटच बरा लागतो. आणि आजारी माणसाला मेतकूट घालून द्यायचा तो गुरगुट्या भात, तो वेगळाच प्रकार. ‘चांगला भात’ असा एकच नसतो, त्यामुळं दुसऱ्याचं माप डोळे झाकून घेऊ नका.

कुकरला काय कळतं आणि काय कळत नाही

हे दोन मिनिटं समजून घ्या, पुढचं सगळं सोपं जातं. भांडं काढलं की खाली हॉट प्लेटच्या मधोमध एक गोल, स्प्रिंगवर दबणारं बटण दिसतं. त्यात चुंबक असतो. भांड्यात पाणी आहे तोवर तळाचं तापमान १०० डिग्रीच्या आसपासच राहतं, पाणी संपलं की ते झटकन वर चढायला लागतं, आणि १०० च्या थोडं वर गेलं की त्या बटणातल्या धातूची चुंबकाला धरून ठेवायची ताकद जाते आणि खट्‌ करून स्विच ‘वॉर्म’वर येतो. म्हणजे कुकरला भात शिजला की नाही हे कळतच नाही, त्याला फक्त तळातलं पाणी संपलं एवढंच कळतं. पाणी जास्त टाकलं तर तो जास्त वेळ शिजवत राहणार, कमी टाकलं तर कच्चा असतानाच थांबणार. १९५५ साली जपानात तोशिबानं जो पहिला ऑटोमॅटिक कुकर काढला त्यात तर दोन भांडी होती, बाहेरच्या भांड्यात मोजून पाणी टाकायचं आणि ते उडून गेलं की स्विच बंद. तेव्हापासून तत्त्व तेच आहे, पाणी हेच कुकरचं घड्याळ.

तांदूळ कोणता घेतलाय

आपल्याकडं भाताची शेती नावालाच, तांदूळ बाहेरून येतो. विदर्भातून कोलम, एचएमटी, चिन्नोर, तेलंगणा-आंध्राकडून सोना मसुरी, आणि मावळातली इंद्रायणी. यातलं एचएमटी हे वाण दादाजी खोब्रागडे यांनी निवडून तयार केलेलं, त्यांचं गावही नांदेडच, पण आपलं नाही बरं का, चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं.

सुटा भात पाहिजे तर कोलम, एचएमटी, सोना मसुरी किंवा बासमती. इंद्रायणी आणि आंबेमोहोर मुळातच चिकट, वासाला एक नंबर पण त्यांच्याकडून फडफडीत भाताची अपेक्षा धरू नका. कारण स्टार्चमध्ये आहे, स्टार्चचे दोन प्रकार असतात, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन, अमायलोज जास्त असलेला दाणा सुटा राहतो आणि कमी असलेला एकमेकांना चिकटतो.

पण जातीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे जुना की नवा. मोंढ्यात कट्टा घ्यायला गेलात की पहिलं हेच विचारायचं.

“दादा, हा कोलम नवा आहे का जुना?”

“काकू, वर्षाचा आहे, बिनधास्त न्या. नवा पाहिजे तर तो ह्या पोत्यात, किलोमागं कमी लावतो.”

तो स्वस्त का देतोय ते कळलं पाहिजे. खरिपाचं धान दिवाळीच्या आगेमागे निघतं आणि डिसेंबर-जानेवारीत नवा तांदूळ दुकानात यायला लागतो. नव्या तांदळात ओलावा जास्त, तो पाणी कमी पितो आणि लवकर मऊ पडतो. कोरडा होऊन वर्षभर मुरलेला जुना तांदूळ पाणी जास्त ओढतो, फुगतो जास्त आणि सुटा राहतो. त्यामुळं संक्रांतीच्या सुमाराला ‘सगळं नेहमीसारखंच केलं तरी भात गिचका व्हायलाय’ असं वाटलं तर कुकरला शिव्या द्यायच्या आधी तांदूळ बघा. कणी किती आहे तेही मूठभर घेऊन बघा, तुटलेल्या दाण्यातून स्टार्च भसाभसा बाहेर येतो, कणी जास्त म्हणजे भात चिकट, यावर उपाय नाही, चाळून घ्या आणि कणीची खिचडी नाहीतर इडली करा.

रेशनच्या तांदळाबद्दल एक सांगायचं राहू नये. त्यात काही वेळा थोडे दाणे वेगळे दिसतात, कधी पाण्यावर तरंगतात, आणि लोक ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून वेचून फेकून देतात. ते फोर्टिफाइड दाणे असतात, तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून मशीनवर तयार केलेले, शंभर भाग तांदळात एक भाग. फेकू नका, शिजवून खायचेच असतात. बाकी रेशनचा दाणा जाड असेल तर त्याला भिजायला वेळ जास्त द्या.

कप

कुकरसोबत प्लास्टिकचा छोटा कप येतो तो बऱ्याचदा १८० मिलीचा असतो, जपानी मापावरून आलेला, त्यात साधारण १५० ग्रॅम तांदूळ बसतो. रेसिपीतला कप २४० मिलीचा, चहाचा कप आणखी तिसराच. तांदूळ एका कपानं आणि पाणी दुसऱ्यानं मोजायचं नाही, बस. कप हरवला असेल तर स्टीलची कोणतीही वाटी धरा पण मग तीच कायम.

आणि कुकरवर १.८ लिटर लिहिलेलं असतं ती कधी पूर्ण भांड्याची जागा असते, कधी तांदळाचं माप, कंपनीगणिक बदलतं, सोबतच्या पुस्तिकेत बघून घ्या. एकट्या-दुकट्याला १ लिटरचा पुरतो. मोठ्या भांड्यात अर्धा कप तांदूळ टाकला तर तो तळाशी पातळ थर होऊन पसरतो, कडेनं सुकतो, मधे कच्चटच राहतो, काही केलं तरी एकसारखा होत नाही.

धुणं आणि भिजवणं

धुवायला वेगळं पातेलं घ्या, कुकरच्या नॉनस्टिक भांड्यात तांदूळ चोळू नका, कोटिंग जातं. पाणी टाकायचं, बोटांनी हलकं फिरवायचं, ओतायचं, असं तीन-चार वेळा, पाणी दुधासारखं पांढरं होतं ते नुसतं गढूळसर दिसेपर्यंत. एकदम नितळ पाणी निघायची वाट बघू नका, आपल्याकडं उन्हाळ्यात टँकरचं पाणी विकत घेऊन तांदूळ सात वेळा धुणं परवडत नाही, आणि गरजही नाही. वरचं मोकळं पीठ गेलं पाहिजे एवढंच, तेच पीठ नंतर फेस होऊन झाकणाच्या भोकातून ओट्यावर येतं. फेस तरीही येत असेल तर अर्धा चमचा तेल टाका, फेस बसतो आणि दाणाही थोडा सुटा राहतो.

भिजवायला कोलम-एचएमटीला २० मिनिटं, बासमतीला अर्धा तास, इंद्रायणीला १० मिनिटं पुरे, रेशनच्या जाड दाण्याला अर्धा तास. भिजवल्यानं पाणी दाण्याच्या मध्यापर्यंत पोचतं, मग बाहेरून लगदा आणि आत टणक असला प्रकार होत नाही. एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणीच इतकं तापलेलं असतं की तांदूळ लवकर भिजतो, तेव्हा वेळ कमी करा, नाहीतर दाणा शिजताना तुटतो. भिजला की चाळणीत ओतून पाणी पूर्ण निथळू द्या. हे निथळणं लोक टाळतात आणि भांड्यात उरलेल्या पाण्यावरच मोजून पाणी टाकतात, मग मोजण्याला अर्थ काय राहिला.

पाणी

आता मेन मुद्दा. ‘तांदळाच्या डबल पाणी’ हे जे सगळीकडं सांगतात ते डोक्यातून काढून टाका. पाणी दोन ठिकाणी जातं, एक तांदूळ पितो ते आणि दुसरं झाकणाच्या भोकातून वाफ होऊन उडतं ते. तांदूळ पितो ते तांदळाच्या हिशोबानं वाढतं, एका कपाला जेवढं लागतं त्याच्या चौपट चार कपांना. पण उडणारं पाणी कुकरवर असतं, तांदूळ एक कप टाका नाहीतर तीन, ते फारसं बदलत नाही. म्हणून एका कपाला दोन कप पाणी अगदी बरोबर बसतं आणि पाव्हणे आले म्हणून त्याच हिशोबानं चार कपांना आठ कप टाकलं की गिचका ठरलेला.

जुना कोलम, न भिजवता, असं धरा: कपामागं दीड कप पाणी, आणि वर अर्धा कप एकदाच, वाफेचा. म्हणजे १ कपाला २, २ कपांना साडेतीन, ३ कपांना ५, ४ कपांना साडेसहा. बघा, डबलच्या हिशोबात आणि यात चार कपांपाशी दीड कपाचा फरक पडला, आणि तो दीड कप म्हणजेच तुमचा लगदा.

तांदूळ भिजवून निथळलेला असेल तर त्यानं आधीच पाणी पिलेलं असतं, त्याचं कपामागं पाव कप कमी करा. नवा तांदूळ असेल तर आणखी पाव कप कमी. भिजवलेल्या बासमतीला कपामागं एक कप आणि वरचा वाफेचा अर्धा, तेवढ्यावर होतो. वरणासोबत मऊसर पाहिजे तर याच आकड्यांवर कपामागं पाव कप वाढवा. ही सुरुवात आहे, पहिल्या भातानंतर दोन-तीन चमचे इकडं-तिकडं करून तुमचं माप बसेल, ते बसलं की कपावर मार्करनं लिहून ठेवा.

आणि वाफेचा तो अर्धा कप तुमच्या कुकरचा किती आहे हे नेमकं बघायचं असेल तर स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घ्या. भांडं तांदूळ आणि पाण्यासकट तोला, भात झाल्यावर भांडं पुन्हा तोला. जेवढं वजन कमी भरलं तेवढं पाणी उडालं, १०० ग्रॅम म्हणजे १०० मिली, सोप्पं. काचेचं सैल झाकण असलेल्या कुकरमध्ये जास्त उडतं, घट्ट लॉक होणाऱ्या झाकणात कमी.

गंमत म्हणजे आजीची पद्धत, तांदळाच्या वर बोटाचं एक पेर पाणी, ती या हिशोबाच्या जवळ जाते. तांदूळ किती का असेना वरचा पाण्याचा थर तेवढाच राहतो ना. फक्त ते पेर तिच्या पातेल्याला बसलेलं असायचं, तुमचं भांडं रुंद असेल तर त्याच पेरात पाणी जास्त मावतं.

शिट्टीच्या कुकरचं माप मात्र इथं आणू नका. तिथं प्रेशरमुळं तापमान १२० डिग्रीच्या आसपास जातं, इथं १०० च्या पुढं पाणी जातच नाही, त्यामुळं वेळही जास्त लागतो आणि वाफही जास्त उडते.

बोअरचं पाणी असेल तर

आपल्याकडच्या बऱ्याच बोअरचं पाणी जड, क्षारांचं. अशा पाण्यात भात पिवळट दिसतो, काही लोकांना वाटतं तांदूळच खराब निघाला. धुवायला आणि भिजवायला बोअरचं चालेल, शिजवायला मात्र जारचं किंवा फिल्टरचं घ्या, दोन-तीन कपांचाच प्रश्न असतो. तेही नसेल तर लिंबाचे चार-पाच थेंब पिळा, भात पांढरा होतो, आंबट लागत नाही. सगळं लिंबू पिळू नका.

बटण दाबायच्या आधी

भांडं बाहेरून, तळासकट कोरड्या फडक्यानं पुसा. मग हॉट प्लेटकडं वाकून बघा. तिथं एक दाणा, एकच, मागच्या वेळचा वाळून कडक झालेला, प्लेटच्या कडेला चिकटलेला असतो. त्याच्यावर भांडं ठेवलं की भांडं एका बाजूनं केसभर उचललेलं राहतं, मधलं बटण नीट दबत नाही, उष्णता एकाच बाजूनं लागते. मग एकीकडं खरपुडी आणि दुसरीकडं कच्चा भात, किंवा स्विच आधीच वर उडतो. नखानं दाणा काढा, भांडं ठेवल्यावर दोन्ही हातांनी थोडं डावी-उजवीकडं फिरवा, ते बसतं तेव्हा हाताला कळतं. स्वस्तातल्या कुकरच्या निम्म्या तक्रारी इथंच मिटतील असं माझं मत आहे.

मीठ, तेल, काय टाकायचं ते आता टाका, एकदा हलवा, तांदूळ सपाट करा, झाकण लावा. यानंतर चमचा लावायचा नाही.

लाइटचा प्रश्न

हा पुण्या-मुंबईच्या लेखांत सापडणार नाही. व्होल्टेज कमी असेल तर उष्णता त्याच प्रमाणात नाही, त्याहून जास्त घटते. २३० च्या जागी १८० व्होल्ट येत असतील तर ७०० वॅटचा कुकर जेमतेम ४३० वॅटची उष्णता देतो. पाणी उकळायलाच वेळ लागतो, तेवढा वेळ तांदूळ कोमट पाण्यात फुगत बसतो आणि भात मऊ पडतो. मोटार, कूलर सगळं चालू असताना लाइट मिणमिणत असेल तर भिजवणं टाळा, आणि शक्य असेल तर पाणी किटलीत आधी गरम करून टाका.

मधेच लाइट गेली तर झाकण उघडू नका, आतली वाफ बराच वेळ काम करत राहते. आली की बटण पुन्हा दाबा. पाऊण तासानंतरही आली नाही तर मात्र भात गॅसवर उरकलेला बरा. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर कुकर लावायचा नाही, तो पंखा-बल्बसाठी आहे.

खट्‌ झालं म्हणजे भात झाला नाही

स्विच वॉर्मवर आला की तळ कोरडा झालेला असतो पण वरच्या थरात, दाण्यांच्या मधे ओल असते. १०-१५ मिनिटं झाकण तसंच ठेवा. तेवढ्यात ती ओल सगळीकडं सारखी मुरते, खालचा चिकटलेला थर वाफेनं सुटतो, दाणा घट्ट होतो. घाईत लगेच उघडून वाढला की तोच भात वरून ओला आणि खालून सुका लागतो, आणि लोक म्हणतात पाणी जास्त झालं. पाणी बरोबरच होतं.

मग झाकण उचला, भातावर तिरपं न करता बाजूला करा, नाहीतर झाकणाचं सगळं पाणी भातावर सांडतं. सोबत आलेला प्लास्टिकचा किंवा लाकडी उलथणा कडेनं खाली घाला आणि भात खालून वर उचला, दाबायचं नाही, घोटायचं नाही. वाफ निघून जाऊ द्या, दोन मिनिटांत दाणे सुटे झालेले दिसतात.

बिघडलाच तर

टणक राहिला तर पाव कप उकळतं पाणी सगळीकडं शिंपडा, झाकण लावा, बटण पुन्हा दाबा, उडालं की १० मिनिटं मुरवा. बटण खाली राहतच नसेल तर कुकर अजून गरम आहे, थोडं थांबा, जोरानं दाबून किंवा काडी अडकवून ठेवू नका. मऊ झाला असेल तर परातीत पसरून पंख्याखाली ठेवा, बराच सुधारतो. अगदीच लगदा असेल तर सुटा करायचा नाद सोडा, ताक, मीठ, वरून जिरं-मिरचीची फोडणी, ताकभात म्हणून बिनतक्रार संपतो.

गुरगुट्या भात या कुकरात करायचा तर पाणी चौपट-पाचपट लागतं आणि उतू जातो, म्हणून भांडं एक तृतीयांशच भरा, आणि तो वॉर्मवर यायची वाट बघू नका, पाहिजे तसा झाला की तुम्हीच बंद करा.

उरलेला भात

वॉर्मवर दोन-तीन तास ठीक, त्यापुढं कडा वाळतात आणि वास बदलतो. बंद कुकरात रात्रभर ठेवायचा मात्र नाही, विशेषतः उन्हाळ्यात. भातात एक प्रकारच्या जंतूंचे बीज असतात जे शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की ते वाढतात आणि जे विष तयार करतात ते पुन्हा गरम केल्यानं जात नाही. त्यामुळं जेवणं झाली की तासाभराच्या आत पसरट डब्यात काढून फ्रीजमध्ये. फ्रीजमधला दाणा सकाळी कडक आणि एकदम सुटा झालेला असतो, फोडणीच्या भाताला ताज्यापेक्षा तोच पाहिजे. शेंगदाणे आधी तळून बाजूला काढा, कांदा, हिरवी मिरची, हळद, भात हातानं मोकळा करूनच कढईत टाका, आणि पाण्याचा हबका मारायचा नाही.